‘बल’ म्हणजे बल्ब नव्हे

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची १९७८ सालची ॲम्बेसेडर आहे. दोन वर्षांपूर्वी पत्र्याच्या आणि रंगाच्या कामाला दिली होती. पेंटरने सगळी वायरिंग काढून पोत्यात भरून दिली. मी सुट्टीच्या दिवशी बसून बरीचशी जोडली, पण ११ टोकं उरली आहेत : चार डॅशबोर्डखाली, पाच रेडिएटरजवळ, दोन डिकीत. काही टोकांना चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या आहेत. त्यावर कन्नडमध्ये ‘बल’ असं लिहिलंय, म्हणजे बल्बची वायर असणार असं धरून त्या मागच्या दिव्यांना लावल्या. आता डावा इंडिकेटर टाकला की उजवा लागतो. डॅशबोर्डखालची एक वायर बॅटरीला लावून बघितली तर धूर आला, लगेच काढली. आता हात लावायचं धाडस होत नाही. काय करू? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : धूर दिसताच हात मागे घेतलात, बरं केलंत. आता बॅटरी गाडीतून काढून बाहेर जमिनीवर ठेवा. निम्मं काम करंटशिवायच होणार आहे.

आधी ‘बल’चं सांगतो. कन्नडमध्ये बल म्हणजे उजवा आणि एड म्हणजे डावा. तुम्हालाही बोलण्यात हा शब्द रोज कानावर पडत असणार, पण वायरीवर दिसला की डोकं बल्बकडेच धावतं. पेंटरकडच्या पोराने आपलं काम इमानाने केलंय, उजव्या बाजूच्या वायरींवर उजवा लिहून ठेवलंय. त्या तुम्ही डाव्या होल्डरला लावल्या, म्हणून इंडिकेटर उलटे झाले. माझ्याकडे ३२ वर्षांत हुक्केरी, गोकाककडची कितीतरी पोरं शिकून गेली. त्यांच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून मी चाळिशी ओलांडल्यावर कन्नड अक्षरं गिरवली. ती चिठ्ठी काढून टाकू नका. उरलेल्या टोकांत ‘एड’ सापडलं तर कोडं बरंच सुटेल.

आता एक वही घ्या आणि दोन याद्या करा. एकीत ११ टोकं : कुठून बाहेर आली, जाडी किती, रंग कोणता, टोकाला कसली पिन. दुसरीत गाडीतल्या अशा सगळ्या जागा, जिथे वायर असायला हवी पण नाही. हॉर्न, वायपर, ऑइल प्रेशरचा स्विच, पेट्रोलच्या टाकीवरचं युनिट (काट्याला पातळी कळवणारं), ब्रेक लाइटचा स्विच, डायनॅमो, दाराचा दिवा. लोक वायर हातात धरून ‘ही कुठे जाते’ असं विचारत बसतात. मी उलट बघतो. उपाशी कोण आहे ते शोधतो, मग त्याचं ताट कुठलं ते लवकर कळतं. तुमच्या रेडिएटरजवळच्या पाच टोकांत हॉर्नच्या वायरी नक्की असणार, बाकीच्या बहुधा पुढच्या साइड लाइटच्या आणि इंडिकेटरच्या.

रंगाबद्दल. ॲम्बेसेडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे जुन्या ॲम्बेसेडरची वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगांवर चालते. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, फ्यूज नाही, चावी बंद असली तरी जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून आलेली पण कायम जिवंत, हॉर्न तिच्यावर असतो. लाल साइड लाइट आणि टेल लाइटची. निळी हेडलाइटची, त्यात निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर आणि निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिपर. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी रेघ उजवा. काळी अर्थ, म्हणजे करंटची बॉडीमार्गे बॅटरीकडे परतीची वाट. टोकाकडचा रंग उन्हाने, तेलाने आणि तुमच्याकडच्या पावसाने गेलेला असतो, तिकडे तर कोट काढल्यावर आतलं तांबंही हिरवं निघतं. म्हणून लूमची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप वीतभर आत उलगडा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, रेघ स्वच्छ दिसते. मात्र इतक्या वर्षांत या गाडीवर कितीजणांचे हात फिरले असतील. कुणी तपकिरी संपली म्हणून लाल जोडली असेल. रंग सांगतो ते ऐका, पण मीटरने पडताळल्याशिवाय जोडू नका.

मीटर साधा चालेल, बीप वाजणारा हवा. एक १५ फुटांची सुटी वायर दोन्ही टोकांना क्लिपा लावून तयार ठेवा, डिकीतलं टोक तिच्या मदतीने डॅशबोर्डपर्यंत आणता येतं. तपासण्याआधी सगळे बल्ब काढा. थंड बल्बच्या तारेतून मीटर बीप करतो आणि वायर अर्थला गेली आहे असं वाटतं. या एका चुकीने नवी पोरं दिवसदिवस घालवतात. स्विचमधून वायरी काढलेल्या असतील तर आणखी चांगलं.

मीटरने दोन्ही टोकं सापडली नाहीत, तर बल्बचा मार्ग. हा मी माझ्या उस्तादांकडून शिकलो आणि आजही तोच वापरतो. १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याच्या दोन्ही बाजूंना वायरी जोडा. गाडीत ज्या बाजूचं अर्थ असेल ते बॅटरीचं टोक बॉडीला लावा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असे, म्हणून तुमच्या गाडीत काय होतं ते केबलवरून आधी खात्री करून घ्या. बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून बल्ब आणि बल्बपासून अनोळखी वायर. मध्ये बल्ब असल्यामुळे १.७५ अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, समोर थेट शॉर्ट असला तरी फक्त बल्ब पेटेल, वायर जळणार नाही. यासाठी मात्र काढलेले बल्ब परत बसवा. रेडिओ असेल तर त्याची वायर काढून ठेवा.

आता बल्ब काय बोलतो ते बघा. अगदी लख्ख पेटला तर वायर सरळ अर्थला गेली आहे : काळी असेल, कुठे शॉर्ट असेल किंवा उघड्या दाराचा स्विच असेल. दार मिटून बघा. तुमचा बल्ब आणि गाडीतला एक बल्ब दोन्ही अर्धवट पेटले तर ती इंडिकेटर किंवा ब्रेक लाइटची, कारण तोही २१ वॅटचा. तुमचा विझलेलाच आणि कोपऱ्यात साइड लाइट नीट पेटलेली दिसली तर ती ५ वॅटची वायर. तुमचा जवळपास पूर्ण आणि हेडलाइटच्या तारेत जेमतेम लाली असेल तर हेडलाइट. इंजिन हाताने फिरवताना बल्ब पेटतो विझतो, तर ती इग्निशनच्या कॉइलकडे जाते, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडमीट होतात तसा. काहीच झालं नाही तर वायर मध्येच तुटली आहे किंवा पुढे काही जोडलेलंच नाही. हॉर्नच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, लुकासच्या पद्धतीत हॉर्नचं बटण हॉर्नला अर्थ देतं. करंट हॉर्नवर कायम उभा असतो. जांभळी आणि जांभळ्यावर काळी रेघ, अशा दोन वायरी हॉर्नजवळ दिसल्या तर हेच.

एका वायरीला बल्बही लावायचा नाही. पेट्रोलच्या टाकीवरचं युनिट. त्याची वायर डिकीतल्या तुमच्या दोन टोकांतली एक असू शकते. ती फक्त मीटरवर ओहममध्ये बघा. टाकीत करंट सोडून तपासणं म्हणजे पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगीला आमंत्रण. ऑइल प्रेशरच्या स्विचलाही करंट लागत नाही : इंजिन बंद असताना तो अर्थला जोडलेला असतो, इंजिन चालू झाल्यावर सुटतो. डायनॅमोच्या दोन वायरींची अदलाबदल करू नका. मोठ्या टर्मिनलची कटआउटवरच्या (चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीवरच्या) ‘डी’ला, लहानाची ‘एफ’ला.

धूर आलेल्या वायरीकडे परत येतो. ती कुठली निघाली ते मला कळवा, पण आधी तिची टेप दोन्ही बाजूंना हातभर उलगडा. वितळलेला कोट शेजारच्या वायरींना चिकटतो आणि महिन्याने आतल्या आत शॉर्ट होतो. मी शिकत असताना डॅशबोर्डखालच्या एका टोकाला थेट बॅटरी लावली होती. ती अर्थची वायर होती. दोन-तीन सेकंदांत पाठीमागच्या सगळ्या वायरींचा एकच गोळा झाला. गाडी ज्यांची होती त्यांच्या घरी आठ दिवसांवर लग्न होतं. उस्तादांनी मला ओरडलं नाही, शेजारी बसून तीन रात्री नवी लूम विणायला लावली. तेव्हापासून मध्ये बल्ब असल्याशिवाय मी अनोळखी टोकाला बॅटरी लावलेली नाही.

फ्यूजचंही सांगतो. जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं दिसलं तर बाजारातला आजचा ३५ अँपिअरचा घालू नका. लुकासच्या हिशेबात तो फ्यूज उडण्याचा आकडा, सतत चालायला त्याच्या निम्माच. पहिल्यांदा जोडताना ५ किंवा १० चा घाला. आणि हेडलाइटच्या वाटेत या गाड्यांना फ्यूज नसे. तिथल्या निळ्या आणि तपकिरी वायरी सगळ्यात शेवटी, दोनदा तपासून जोडा. जोड पिळून टेप मारायची नाही. थिंबल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावून, वर स्लीव्हची नळी चढवून. काम झालं की चिठ्ठ्या नव्याने लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. उद्या तुमच्या गाडीखाली कुणाचा पोरगा झोपणार आहे ते सांगता येत नाही.

प्रश्न : जुनी जीप आहे. नुकतीच चासी खरवडून काळा रंग मारला. आता ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, साइड लाइट लावून इंडिकेटर टाकला की टेल लाइट लुकलुकते. वायरी तर आधी होत्या तशाच लावल्या. – एक वाचक, निपाणी

उत्तर : वायरी बरोबर असणार. मागच्या दिव्याचं अर्थ गेलंय. दिव्याचा बोल्ट नव्या रंगावर बसलाय, तो रंग अर्थ अडवतो. मग ब्रेकच्या बल्बचा करंट परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या तारेतून जातो. खात्रीसाठी एक सुटी वायर दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकाला धरा. सगळं जागेवर आलं तर बोल्टखालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडा, कंगोऱ्याचा वॉशर घाला आणि वरून ग्रीस. मी प्रत्येक मागच्या दिव्याला चासीपर्यंत वेगळी काळी वायरच टाकतो.

प्रश्न : येझ्दीच्या हेडलाइटमधल्या स्विचवर नुसते आकडे आहेत, ३०, १५, ५१, ६१ वगैरे. वायरी सगळ्या एकाच रंगाच्या, आधीच्या मालकाने बदललेल्या. – एक वाचक, अथणी

उत्तर : येझ्दी मैसूरची, पण तिचं कूळ झेकोस्लोव्हाकियाच्या जावाचं, म्हणून हे आकडे जर्मन पद्धतीचे. ३० बॅटरीवरून थेट, १५ चावी लावल्यावर करंट, ३१ अर्थ, ५१ डायनॅमोकडून आलेलं, ६१ चार्जिंगच्या लाल दिव्याचं, ५६ए अप्पर, ५६बी डिपर. जुनी येझ्दी ६ व्होल्टची असते. बल्बवरचा व्होल्ट आधी वाचा, वरचा बल्बचा मार्ग वापरायचा तर बॅटरी आणि बल्ब दोन्ही ६ चे घ्या. १२ ची बॅटरी लावलीत तर पहिल्याच झटक्यात दिवे जातील.