रंग उडाला म्हणजे एन्झाइमनेच खाल्ला असं नाही

बुरशीच्या एन्झाइमने रंग तोडायच्या तुझ्या प्रयोगात पहिल्याच आठवड्यात फ्लास्कमधला रंग उतरला, छानच! पण पेढे वाटायच्या आधी बुरशीचा गोळा गाळून बघ. तोच निळाशार झाला असेल, तर रंग तुटलेला नाही, नुसता चिकटलाय. मी स्वतः यात तीन महिने घालवलेत. म्हणून ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून) मारलेल्या बुरशीचा एक फ्लास्क कायम शेजारी ठेव. तिथेही रंग तेवढाच उतरला, तर श्रेय एन्झाइमचं नाही. पीएचही मोज; काही रंग नुसत्या पीएचनेच पालटतात.

सुरुवात लॅकेज या बुरशीच्या एन्झाइमपासून कर. त्याला हवेतला ऑक्सिजन पुरतो. एबीटीएस हे तपासणीचं रसायन घातलं की हिरवं होतं, ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो रंग मोजायचा, झालं. लिग्निन पेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमचा मोह होईल, पण त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि नवखे ते हमखास जास्त ओततात. मग एन्झाइमच निकामी होतं.

आणखी दोनच गोष्टी:
- आधी एकच शुद्ध रंग घे. कारखान्याचं सांडपाणी नंतर.
- माध्यमात किंचित तांबं असू दे. लॅकेजच्या गाभ्यातच ते असतं.

जनुकं, स्थिरीकरण (एन्झाइम एखाद्या आधारावर बांधून ठेवणं) वगैरे सध्या विसर. आधी एकाच प्रयोगाच्या तीन सारख्या फ्लास्कचे आकडे एकमेकांशी जुळू देत.