न्यूझीलंडला यायचं म्हणतोस, तर

तू विचारलंस, "ताई, एमएस्सी झालं, सह्याद्रीत तीन वर्षं कॅमेरा ट्रॅपचं काम केलं. न्यूझीलंडमध्ये संवर्धनात करिअर होईल का? आणि कामाबाहेर काही आयुष्य असतं का?" मी आले तेव्हा हे विचारायला मला कोणी नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात अवघड गोष्ट आधी. इथे वाचवण्यासाठी मारावं लागतं. वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी या देशाचा मूळचा नाही. त्यामुळे कित्येक पक्षी जमिनीवरच घरटी करतात, काहींचं तर उडणंही सुटलं. मग माणसांबरोबर उंदीर आले, आणि १८८०च्या दशकात सशांच्या बंदोबस्ताला स्टोट, म्हणजे मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी, आणले गेले. जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं त्यांना आयती सापडली. काकापो हा न उडणारा पोपट १९९५ साली अवघा ५१वर आला होता. उंदीर, स्टोट आणि पोसम (झाडांवर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) यांना २०५० पर्यंत देशातून हद्दपार करायचं असं सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलं. तेव्हा सुरुवातीला तुझे दिवस सापळे तपासण्यात जातील. मी पहिल्यांदा लाकडी पेटीचं झाकण उचललं तेव्हा आत स्टोट मरून पडला होता. तपकिरी पाठ, पिवळसर पोट, शेपटीचा काळा गोंडा. थेट आमच्या परड्यातलं मुंगूस आठवलं. त्या रात्री घास उतरला नाही. तुझंही तसं झालं तर लपवू नकोस. ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांच्याबरोबर काम करणं मला जड जातं.

बऱ्याच नोकऱ्या हंगामी असतात, विणीपुरत्या. माझं कंत्राट दोनदा संपलं आणि पुढचं मिळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच ये. आकडेमोड आणि नकाशांचं काम येत असेल तर वर्षभर टिकायची शक्यता वाढते.

माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी नातं जोडायला वेळ दे. जंगल आणि पक्षी यांचे ते पालक आहेत, त्यांना बाजूला ठेवून इथे काम करू नये. बैठकीत ओळख करून देताना ते आधी आपला डोंगर, आपली नदी सांगतात. मी चिपळूणची, म्हणून वाशिष्ठीचं नाव घेतलं. एका आजींनी नदीबद्दल इतकं विचारलं की मला भरून आलं.

कामाबाहेरचं आयुष्य आहे, आणि छान आहे. वेलिंग्टनमध्ये झीलँडिया नावाचं कुंपण घातलेलं अभयारण्य आहे. तिथे २००२ साली सोडलेल्या 'काका' नावाच्या जातीच्या पोपटांची पिल्लावळ आता शहरभर हिंडते; सकाळी चहा घेताना माझ्या कठड्यावर येऊन बसते. शेजारीपाजारी शनिवारी आपापल्या परसातले सापळे बघतात, त्यांच्यात जा, ओळखी तिथेच होतात. मराठी मंडळी भेटतात, गणपतीही होतो. दिवाळी मात्र ऐन विणीच्या दिवसांत येते. माझ्या चार दिवाळ्या तंबूत गेल्या, आणि आईला फोनही लागला नाही. याची घरी आधीच कल्पना दे.

निघताना बुटांच्या तळव्यातली माती ब्रशने खरवडून काढ. जंगलात वापरलेले बूट आणि आईने दिलेला खाऊ, दोन्ही विमानतळावर जाहीर कर. लपवलंस तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होऊ शकतो.