मोबाईलवर जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं का दिसतं? ८५ एमएमची लेन्स (दूरचं जवळ दाखवणारी, कॅमेऱ्याला लावायची) घेतल्यावर हे थांबेल का?

थांबेल, पण श्रेय लेन्सचं नाही, अंतराचं आहे. त्यामुळे नवीन लेन्स न घेताही हे सुधारता येतं. साधी भूमिती आहे. नाकाचं टोक कॅमेऱ्यापासून ३० सेंमीवर असेल, तर कान साधारण ४२ सेंमीवर असतो. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक जवळजवळ ४० टक्के मोठं उमटतं. तेच मागे सरकून दीड मीटर अंतरावर गेलात की अंतरं १५० आणि १६२ सेंमी होतात आणि फरक ८ टक्क्यांवर येतो, जो डोळ्याला खटकत नाही. ८५ एमएमची लेन्स इतकंच करते, की चेहरा चौकटीत भरायला तुम्हाला मागे जायला भाग पाडते. (लेन्स विकणारे हे सहसा सांगत नाहीत!) खात्री करायची असेल तर एकाच जागेवर उभं राहून आधी वाईड (झूम न करता) आणि मग झूम करून फोटो काढा, वाईडमधला मधला भाग कापून शेजारी ठेवा; चेहऱ्याची ठेवण तंतोतंत सारखी दिसेल.

मोबाईलवर दीड-दोन मीटर लांब उभे राहा आणि २एक्स (दुप्पट) झूम वापरा, किंवा नंतर क्रॉप करा. मात्र क्रॉप केल्यावर तपशील कमी होतो आणि पार्श्वभूमी ८५ एमएमसारखी धूसर होत नाही. ती धूसरता हवी असेल तर लेन्स जरूर घ्या. नुसत्या नाकासाठी नको.