स्कीइंगच्या छोट्या वळणांत वेग ताब्यात का राहत नाही?

तीन-चार छोटी वळणं नीट होतात, मग वेग वाढतो आणि स्कीच्या शेपट्या फरफटतात, असं तुम्ही लिहिलंय. खोट वळणाच्या सुरुवातीला नाही, शेवटाला असावी. स्की उताराला पुरेशी आडवी व्हायच्या आतच पुढचं वळण घेतलं की दर वेळी थोडा वेग शिल्लक राहतो आणि साठत जातो. मग घाईने खांदे फिरतात, टाचा बाहेर ढकलल्या जातात आणि एज, म्हणजे स्कीची कडेची धार, बर्फ पकडत नाही.

पहिली गोष्ट, छाती उताराच्या खालच्या दिशेलाच राहू द्या आणि पाय खुब्यापासून फिरवा. याला पिव्होट स्लिपइतका चांगला सराव नाही. मध्यम उताराच्या, मऊसर, सपाट केलेल्या बर्फावर स्की आडव्या धरा, एज सैल सोडा आणि सरळ खाली घसरा. न थांबता दोन्ही स्की एकदम 180 अंश फिरवून दुसऱ्या बाजूला आडव्या करा. घसरण मात्र त्याच रेषेत हवी. बाजूला सरकलात तर मध्येच एज लागतेय. अगदी सौम्य उतारावर हे उलट अवघड जातं.

हे जमलं की हॉकी स्टॉप (स्की झटकन आडव्या करून एज रोवणं) घ्या, पण पूर्ण थांबू नका. एज रोवली जाते त्याच क्षणी खालच्या बाजूचा पोल (हातातली काठी) टेकवा, स्कीचं टोक आणि बुटाचा पुढचा भाग यांच्या मध्ये, थोडा बाहेर. उतार तीव्र असेल तर बुटाच्या जवळ. काम मनगटाचं, खांद्याचं नाही. पोल टेकताच खालचा गुडघा उताराकडे सैल सोडा, म्हणजे एज सुटते आणि स्की आपसूक वळायला लागते. हात मागे राहिला तर खांदा त्याच्यामागे ओढला जातो; अर्धी वळणं इथेच बिघडतात.

नडग्या बुटाच्या जिभेला टेकलेल्या असू द्या. मागे बसलात की टोकं हलकी होतात आणि स्की फिरत नाही. वळणाच्या शेवटी वजन बाहेरच्या स्कीवर हवं.

स्कीच्या त्रिज्येला (कडेच्या वक्रतेमुळे स्की एजवर आपसूक किती मोठं वळण घेते, त्या मापाला) दोष देऊ नका. 17-18 मीटरच्या स्कीवरही छोटी वळणं होतात, कारण ती बहुतांशी फिरवून आणि घसरवूनच घेतली जातात. पोलची लांबी मात्र तपासा: उलटा धरून चकतीखाली मूठ आवळली की कोपर काटकोनात यायला हवं.

शेवटी सोप्या उतारावर मध्यम वळणांनी सुरुवात करून त्याच धावेत वळणांचा पट्टा अरुंद करत दोन-तीन मीटरवर आणा. वेग वाढतोय असं वाटलं तर लय मोडू नका, फक्त स्की आणखी आडवी होऊ द्या.