वडिलांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आहे. हार्टचे, शुगरचे आणि फॅमिली डॉक्टर आपापल्या गोळ्या देतात. नेमकं कोणाचं ऐकायचं?

"मोठ्या डॉक्टरांचंच ऐका," असं इथे बरेच जण सांगतील. माझा दादाही तेच म्हणतो, आणि त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

आई कोरेगावला असते. ऱ्हुमॅटिक तापाने तिची मायट्रल झडप अरुंद झालेली, त्यात ठोके अनियमित. एसिट्रोम, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचं काम गावातले आमचे डॉक्टर वर्षानुवर्षं करत होते. दादाने तिला पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथे एमिओडॅरोन ही ठोके ताळ्यावर आणायची गोळी सुरू झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण ही गोळी एसिट्रोमचा जोर वाढवते, तोही हळूहळू, काही आठवडे चढत जातो. डिस्चार्ज कार्डवर काय, तर 'एक महिन्याने दाखवणे'. आयएनआर लवकर करा, एसिट्रोम कमी करावी लागेल, यातलं एक अक्षर नाही. आणि फाइल राहिली दादाच्या घरी! मधेच आईचं पोट बिघडलं, तिने मेडिकलमधून मेट्रोनिडॅझोल आणून घेतली. तीही एसिट्रोमचा जोर वाढवणारीच. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर काळेनिळे डाग. गावातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी आयएनआर करायला लावला. 7 च्या वर. एसिट्रोम थांबवली, व्हिटॅमिन के दिलं, निभावलं.

दादाचं म्हणणं, "त्या गल्लीतल्या डॉक्टरच्या नादी लागलात म्हणून झालं." अरे, पकडलं त्यांनीच ना? नवी गोळी सुरू झाल्याचं त्यांना कळवलं कोणी होतं?

तर सगळ्या गोळ्यांची यादी एकाच डॉक्टरकडे हवी, आणि माझ्या मते ती फॅमिली डॉक्टरकडे. रात्री अकराला फोन तेच उचलतात. हार्टच्या डॉक्टरांनी काही नवीन दिलं की तिथेच विचारा, रक्त पातळ करायच्या गोळीवर याचा काय परिणाम, पुढची तपासणी कधी? उत्तर कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. दाताच्या डॉक्टरांनी "चार दिवस गोळी बंद ठेवा" म्हटलं तरी परस्पर बंद करू नका. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट असतो. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक तर मनाने अजिबात नाही.

हां, मी डॉक्टर नाही, आणि माझा अनुभव एसिट्रोमचा. वडिलांच्या झडपा ठीक असतील तर ते एपिक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांवर असतील. या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण डोस ठरवताना किडनी बघतात, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वेळच्या वेळी करा. शुगर आहे म्हणताय, मग तर नक्कीच. एमिओडॅरोन असेल तर दर सहा महिन्यांनी थायरॉइडही. आईचा मागचा थायरॉइडचा (टीएसएच) रिपोर्ट अजून दादाच्याच फोनमध्ये पडून आहे. दादा, हे वाचत असशील तर आज डॉक्टरांना व्हॉट्सॲप कर.