कोलेस्टेरॉल नॉर्मल, पण एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४.२ आलाय. हृदयाला धोका आहे का?

आधी एक सांगा, रक्त दिलं तेव्हा सर्दी-ताप, दाढदुखी असं काही होतं का? आमच्या कोथरूडच्या मामांचा सीआरपी चिकुनगुन्या झाला तेव्हा चांगलाच वर गेला होता; रिपोर्टवरचा तो ठळक आकडा बघून मामी रडायलाच बसल्या. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा केला तर १ च्या आत! तेव्हा एका रिपोर्टवर घाबरू नका, बरं वाटत असताना पुन्हा करा. तेव्हाही ३ च्या वर राहिला तर मात्र कार्डिऑलॉजिस्टना दाखवा.

कारण ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला गाळ नव्हे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून तिथेच फुगून बसतात आणि सूज धुमसत राहते. त्या सुजेने तिथे बनलेल्या गाठीवरचा पापुद्रा पातळ होतो. तो फाटला की वर रक्ताची गुठळी, आणि अटॅक. म्हणून ४० टक्केच ब्लॉकेज असलेल्यालाही येऊ शकतो.

हा नुसता तर्क नाही. २०१७ च्या कँटोस या औषध-चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने एलडीएल जराही न हलवता, फक्त सूज कमी करून, अटॅक-स्ट्रोक साधारण १५ टक्क्यांनी घटवले. पण जीवघेणे संसर्ग वाढले, औषधही भयंकर महाग. गाउटचं (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) जुनं, स्वस्त औषध कोल्चिसिन आता काही हृदयरुग्णांना कमी डोसमध्ये देतात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका, किडनीचं दुखणं असेल तर अंगाशी येतं.

सिगारेट, पोटाचा घेर, हिरड्यांतून येणारं रक्त, तिन्ही सूज वाढवतात. हळदीच्या दुधावर विसंबू नका.