मूळव्याधच असेल, असं किती दिवस म्हणणार?

प्रश्न : मी 46 वर्षांचा, पुण्यात राहतो. न्यू जर्सीतल्या बहिणीला पंचेचाळिशीलाच मोठ्या आतड्याची तपासणी सांगितली. मला इथे कुणीच काही म्हणत नाही.

उत्तर : अमेरिकेत तरुणांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढताना दिसला, म्हणून 2021 मध्ये तिथे सुरुवातीचं वय 50 वरून 45 वर आणलं. आपल्याकडे प्रमाण कमी आहे. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. घरात कुणाला नसेल, त्रास नसेल, तर घाबरून धावू नका. करायचीच तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी दरवर्षी करा.

प्रश्न : फिट पॉझिटिव्ह आली. पुन्हा केली, निगेटिव्ह. दुर्बीण टळली ना?

उत्तर : नाही. गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही, त्यामुळे दुसरा रिपोर्ट पहिल्याला खोडत नाही. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करावीच लागेल. खरं सांगू, तपासणीपेक्षा आदली रात्र जड जाते. ते खारट-गोडसर औषध लिटरच्या हिशेबात प्यायचं आणि संडास-पलंग अशा फेऱ्या मारायच्या. शौचाला पिवळसर, नितळ पाणी होईपर्यंत आतडं साफ झालं म्हणायचं नाही. अर्धवट साफ झालं तर छोटी गाठ मळाखाली लपते. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, दिसला तर बहुतेकदा त्याच वेळी काढतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून सगळं स्वच्छ निघालं तर पुढची तपासणी दहा वर्षांनी.

प्रश्न : बाबांना 48 व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला. मी 34 चा आहे.

उत्तर : चाळिशी किंवा बाबांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल ते धरा. म्हणजे तुमच्यासाठी 38. तीही थेट कोलोनोस्कोपी, आणि मग दर पाच वर्षांनी. आत्या-काकांपैकी आणखी कुणाला असेल तर आत्ताच जनुकीय सल्ला घ्या.

प्रश्न : मी 38 वर्षांची. वर्षभर अधूनमधून रक्त जातं, मूळव्याधीचं मलम लावते. हिमोग्लोबिन 9. वयात बसत नाही, मग तपासणी कशाला?

उत्तर : ताई, वयाचे हे सगळे आकडे त्रास नसलेल्यांसाठी आहेत. तुम्हाला त्रास आहे. वर्षभरात कुणी डॉक्टरांनी गुदद्वारात बोट घालून तपासलं का? नसेल, तर फिटमध्येही वेळ घालवू नका. याच आठवड्यात सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जा आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या.